पोरगा कॉलेज निवडत नाही, माणूस निवडतो आणि रांग निवडतो

तू लिहिलंयस की अलाबामात मास्टर्सला येऊन दीड वर्ष झालं, इथल्या अमेरिकन फुटबॉलमधलं अजून फारसं कळत नाही, पण डिसेंबरात लॅबमधले सगळे एका १७ वर्षांच्या पोराची घोषणा फोनवर बघत बसले होते, त्याने टेबलावरच्या तीन कॉलेजांच्या टोप्यांमधली भलतीच उचलली आणि लोकांची तोंडं दोन दिवस उतरलेली होती. तर ही पोरं एक कॉलेज सोडून दुसरं का घेतात, आणि आता उघड पैसे मिळतात म्हटल्यावर जो जास्त देईल त्याच्याकडे जातात, एवढंच आहे का?

नाही, एवढंच नाहीये. मी अटलांटाच्या उत्तरेला ग्विनेट काउंटीत २२ वर्षं राहतोय, मुलगा हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा म्हणून चार वर्षं दर शुक्रवारी रात्री त्या स्टँडमध्ये बसलोय, आणि शेजारच्या घरातला पोरगा, आमच्या मुलाचाच वर्गमित्र, ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे स्वतःच्या बॉलवाल्याला वाचवणारा पुढच्या फळीतला गडी, तो रिक्रूट होताना, म्हणजे कॉलेजच्या टीममध्ये घेतला जाताना, पहिल्या पत्रापासून सहीपर्यंत जवळून बघितलाय. माझं पक्कं मत झालंय की पोरगा कॉलेज निवडतच नाही. तो एक माणूस निवडतो आणि एक रांग निवडतो. माणूस म्हणजे त्याच्या पोझिशनचा कोच. रांग म्हणजे त्या जागेसाठी त्याच्या पुढे किती जण उभे आहेत. बाकी पैसा, स्टेडियम, टीव्ही हे सगळं आहेच, पण ते ह्या दोघांच्या मागून येतं.

आधी रांग सांगतो कारण बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचा, नियम आहे की हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टला, म्हणजे तिथल्या टीम पोरं निवडून घेतात त्याला, उभं राहता येत नाही. म्हणजे खरोखर चांगल्या पोराच्या डोक्यात हिशेब तीन वर्षांचा असतो, त्यातली दोन बाकावर गेली तर दाखवायला उरतं एक. आणि क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा खेळ चालवणारा, तर एकावेळी एकच खेळतो. जस्टिन फील्ड्स हा आमच्याच बाजूचा, केनेसॉचा, त्याच्या वर्षातल्या देशातल्या सगळ्यात वरच्या पोरांपैकी एक, २०१८ला जॉर्जियात गेला, घराजवळचं कॉलेज, सगळं छान, पण पुढे जेक फ्रॉम होता ज्याने आदल्याच सीझनला टीमला नॅशनल चॅम्पियनशिपच्या मॅचपर्यंत नेलं होतं, तो कशाला जागा सोडेल? एका वर्षात फील्ड्स ओहायो स्टेटला गेला आणि २०२१ला पहिल्या फेरीत ड्राफ्ट झाला. जो बरो उलट्या दिशेने गेला, पोरगा ओहायोचा, ओहायो स्टेटमध्ये रांगेत अडकला, २०१८ला एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला आला, २०१९ला हाइसमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, आणि चॅम्पियनशिप दोन्ही. दोघांपैकी कोणीही 'चांगल्या' कॉलेजात गेला नाही, जिथे रांग पुढे सरकत होती तिथे गेला. त्यामुळे रिक्रूटच्या घरात डेप्थ चार्ट म्हणजे कोण कुठल्या नंबरवर खेळतो त्याची यादी, ती तोंडपाठ असते. आमच्या शेजारच्या पोराकडे सहा कॉलेजांच्या याद्या होत्या, वहीत हाताने लिहिलेल्या, कोण सीनियर, कोण यंदा निघणार, कोणाचा गुडघा दोनदा ऑपरेट झालाय. आणि कोच लोकही ह्याच याद्या घेऊन फिरतात, तिकडे तुझ्या पुढे पाच आहेत, आमच्याकडे दोन, त्यातला एक यंदा जातोय.

मग तू म्हणशील निक सेबन हेड कोच असताना अलाबामात सगळ्यात लांब रांग असायची तरी पोरं तिथेच का धावायची. कारण त्या रांगेचं दुसरं टोक थेट एनएफएलमध्ये उघडायचं, आणि ते दर एप्रिलला ड्राफ्टमध्ये सगळ्यांना दिसायचं. तिथे रोज प्रॅक्टिसला समोर जो उभा असतो तोही उद्या एनएफएलमध्ये जाणारा, मग थांबण्यातही काहीतरी शिकायला मिळतं. पण तेव्हा थांबायला लागायचंसुद्धा, कारण कॉलेज बदललं की साधारणपणे एक वर्ष बसावं लागायचं. २०१८च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे कॉलेज बदलायचंय अशा खेळाडूंची यादी, २०२१ला एकदा न बसता बदलायची मुभा मिळाली, २०२४पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा. त्यामुळे आता पोरं रांगेत तेवढी थांबत नाहीत. कोचही थांबत नाहीत म्हणा, हायस्कूलचा पोरगा तयार करण्यापेक्षा ते पोर्टलमधून २१ वर्षांचा तयार गडी आणतात, आणि ह्यात मधल्या दर्जाच्या १७ वर्षांच्या पोरांचं फार नुकसान होतंय, त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

आता माणूस. हेड कोच टीव्हीवर दिसतो, पण रोज मेसेज करणारा, मॅचनंतर फोन करणारा, पोराच्या बहिणीचं नाव लक्षात ठेवणारा असतो तो पोझिशन कोच. शेजारच्यांकडे २०१९च्या शरदात एक लाइन कोच आला होता तेव्हा मी काहीतरी द्यायला म्हणून गेलो आणि तिथेच अडकलो. दोन तास तो माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता, फुटबॉलबद्दल जेमतेम वीस मिनिटं बोलला असेल. आजीच्या डायलिसिसचे वार विचारले, पोराला गणित जड जातं तर ट्यूटर कोण आणि आठवड्यातून किती तास ते सांगितलं, आणि पहिलं वर्ष तू रेडशर्ट होशील, म्हणजे खेळणार नाहीस, असं आईसमोर स्पष्ट बोलला. पोराचा चेहरा पडला. आईचा खुलला. तो गेल्यावर ती म्हणाली, हा पहिला माणूस ज्याने आम्हाला काहीतरी नकोसं वाटेल असं सांगितलं.

आईचं वजन किती असतं ते इथल्या लोकांना चांगलं माहितीय. २०१२ला लुइझियानाच्या लँडन कॉलिन्सने लाइव्ह टीव्हीवर अलाबामाचं नाव घेतलं आणि शेजारी बसलेल्या आईने तिथल्या तिथे नाराजी दाखवली, तिला एलएसयू हवं होतं, अख्ख्या देशाने बघितलं. पुढच्या वर्षी फ्लोरिडाच्या अ‍ॅलेक्स कॉलिन्सने आर्कान्सा निवडलं तर आईने सहीच केली नाही, तेव्हा २१च्या आतल्या पोराच्या कॉलेजशी करायच्या करारपत्रावर पालकाची सही लागायची, एक दिवस उलटला आणि शेवटी वडिलांनी सही केली. त्याने आर्कान्सात तिन्ही वर्षं हजाराच्या वर यार्ड धावून काढले. म्हणजे पोरं आईचं नेहमी ऐकतात असं नाही, पण तिच्याशी बोलल्याशिवाय कुठलाही शहाणा कोच पुढे जात नाही.

आणि माणसाची ओढ केवढी असू शकते त्याचं उदाहरण आमच्या घरापासून दहा मिनिटांवर घडलं. ट्रॅव्हिस हंटर, सुवानीचं कॉलिन्स हिल हायस्कूल, देशातल्या यादीत अगदी टोकाचं नाव, जवळजवळ दोन वर्षं फ्लोरिडा स्टेटला कमिटेड, म्हणजे तोंडी शब्द दिलेला. १५ डिसेंबर २०२१ला त्याने जॅक्सन स्टेट निवडलं, मिसिसिपीतलं कृष्णवर्णीयांचं जुनं कॉलेज, खालच्या डिव्हिजनमधलं. इतका वरचा पोरगा तिथे जातो हे त्याआधी कोणी बघितलंच नव्हतं. कारण तिथे कोच होता डिऑन सँडर्स, कॉर्नरबॅक म्हणून हॉल ऑफ फेममध्ये बसलेला माणूस, म्हणजे हंटरच्याच जागेवर खेळलेला. त्या दिवशी आमच्या भागातल्या किराणा दुकानातसुद्धा हाच विषय होता, अर्धे लोक म्हणत होते पोराने आयुष्य वाया घालवलं. एका वर्षाने सँडर्स कोलोराडोला गेले, हंटर मागोमाग गेला, अटॅक आणि डिफेन्स दोन्हीकडे खेळला, २०२४ची हाइसमन त्याला मिळाली आणि ड्राफ्टमध्ये दुसरा गेला. पाठीमागे कॉलेज कुठलं आहे ह्याने काही अडलं नाही.

ह्याची दुसरी बाजूही आमच्याच काउंटीत आहे. केलेब डाउन्स, होशटनच्या मिल क्रीक हायस्कूलचा, २०२३ला अलाबामात गेला, पहिल्याच वर्षी टीममध्ये सगळ्यात जास्त टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला पाडणं, त्याचे. १० जानेवारी २०२४ला सेबन निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात डाउन्स ओहायो स्टेटला निघाला. २० जानेवारी २०२५ला तो चॅम्पियनशिप जिंकला ती इथेच अटलांटाच्या स्टेडियममध्ये. तुझ्या अलाबामातले मित्र त्याच्याबद्दल कडवट बोलत असतील, मी नाही बोलणार. ज्याच्यासाठी आला तो माणूस निघून गेल्यावर त्याने तिथे का थांबायचं?

आता पैशाकडे येतो, कारण तुझा मुख्य रोख तोच आहे. पैसा नवीन नाहीये, आधी तो टेबलाखालून जायचा, त्यापायी टेक्सासमधल्या एसएमयू ह्या कॉलेजचा १९८७चा अख्खा सीझन रद्द केला होता. १ जुलै २०२१पासून एनआयएल आलं, म्हणजे स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे खेळाडू घेऊ शकतो, आणि १ जुलै २०२५पासून कॉलेज स्वतःच थेट देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. हे मला मनापासून योग्य वाटतं, ८० हजार लोक तिकिटं काढून ज्याला बघायला येतात त्याला फक्त फी माफ हा अन्याय होता. पण पैशाने वजनकाटा बदलला नाही, काट्यात एक वजन वाढवलं. ब्राइस अंडरवुडचं बघ. मिशिगनमधल्या बेलव्हिलचा क्वार्टरबॅक, जानेवारी २०२४ला एलएसयूला कमिट, नोव्हेंबरात फिरला आणि मिशिगनला गेला, बातम्यांत १ कोटी डॉलरहून जास्तीचा आकडा होता. सगळे म्हणाले पैसा. पैसा होताच, कोण नाही म्हणतंय. पण अ‍ॅन आर्बर त्याच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, आणि मिशिगनमध्ये मॅकार्थी एनएफएलला गेल्यापासून क्वार्टरबॅकची जागा जवळजवळ मोकळी पडली होती, तिकडे एलएसयूत आधीचाच क्वार्टरबॅक नसमायर २०२५लाही परत आला. अंडरवुड पहिल्या वर्षी पहिल्या मॅचपासून खेळला. पैसा, घर आणि रांग तिन्ही एका बाजूला आल्यावर कुठल्याही घरातून हेच उत्तर येईल.

आणि फक्त आकड्याकडे बघितलं की काय होतं तेही घडलंय. जेडन रशाडा डिसेंबर २०२२ला फ्लोरिडाशी सही करून बसला, १ कोटी ३८ लाखांच्या वर डॉलरचा करार ठरला होता, तो पैसा आलाच नाही, महिन्याभरात कॉलेजने त्याला मोकळं केलं आणि पुढे प्रकरण कोर्टात गेलं. मग तो गेला अ‍ॅरिझोना स्टेटला, जिथे त्याचे वडील खेळले होते.

घराचं अंतर हे लोक फार कमी धरतात. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया इथे इतकी पोरं तयार होतात की जवळपासची कॉलेजं आपोआप मोठी राहतात, आजी-मावशी-चुलते गाडीने मॅचला येऊ शकतात ह्याची किंमत पैशात नाही सांगता येत. इमारतींचं मात्र उलट, क्लेमसनने २०१७ला साडेपाच कोटी डॉलरचं फुटबॉल सेंटर बांधलं त्यात घसरगुंडी आणि मिनी गोल्फसुद्धा आहे, पोरं फोटो काढतात, खुश होतात, पण फक्त त्यापायी गेलेला पोरगा मला अजून भेटलेला नाही.

अजून एक, 'ऑफर' हा शब्द. शेजारच्या पोराला ११ ऑफर होत्या. त्यातल्या खऱ्या चार. बाकी बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, कोच फोनवर ऑफर म्हणतो, पोरगा ती ट्विटरवर टाकतो, पण आत्ता कमिट करतो म्हटलं की तिकडून उत्तर येतं जरा थांब, समरला कॅम्पला ये. एका खूप मोठ्या कॉलेजचा कोच त्याला सात महिने रोज मेसेज करत होता, त्यांना हवा असलेला दुसरा लाइनमन मिळाला त्या रात्रीपासून बंद. एक ओळ नाही. पोरगा त्या आठवड्यात प्रॅक्टिसला गेला नाही, आमच्या गॅरेजमध्ये मुलाबरोबर गप्प बसून राहायचा. टोपी बदलणाऱ्या पोराला शब्द न पाळणारा म्हणणाऱ्या लोकांनी हे एकदा बघायला हवं. तोंडी कमिट म्हणजे सुपारी फुटलेली असते, लग्न डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी सहीने लागतं, आणि तोवर कॉलेजपण दुसरीकडे बघतच असतं.

त्याने शेवटी स्वयंपाकघरात बसलेल्या त्या लाइन कोचचं कॉलेज घेतलं, इथून चार तासांवर. त्याआधी एकदा वडिलांची शनिवारची ड्यूटी होती म्हणून मी गाडी चालवत गेलो होतो त्यांच्याबरोबर मॅच बघायला. सगळे जण मैदानाकडे बघत होते आणि त्याची आई पार्किंगमध्ये तिथल्या जुन्या खेळाडूंच्या आयांना गाठून एकच विचारत होती, तुमचा मुलगा जखमी झाला तेव्हा तुम्हाला फोन कोणी केला? तीन आयांनी त्याच कोचचं नाव घेतलं. परत येताना ती गाडीत शांत झोपली, मला तेव्हाच कळलं.

तो कोच वर्षभरात दुसरीकडे गेला, हे होतंच. पोरगा थांबला, कारण तोवर रांगेत पुढचे दोघं निघाले होते आणि खोलीतले मित्रही लाइनमनच. तिसऱ्या वर्षी स्टार्टर झाला, एनएफएलला नाही गेला (कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी जेमतेम दीड टक्का जातात), कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटची डिग्री घेऊन आता जॉर्जियातच सॅव्हानाकडे साइटवर असतो. तो जुना लाइन कोच त्याच्या ग्रॅज्युएशनला आला होता, दुसऱ्या कॉलेजचा शर्ट घालून.

पुढच्या डिसेंबरात लॅबमधल्या लोकांना टोपीच्या आधी विचार, त्या पोराच्या जागेवर तिन्ही कॉलेजांत आत्ता कोण खेळतंय आणि त्याला भेटायला घरी कोण आलं होतं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळेल. काही अडलं तर इथेच विचार, सीझनमध्ये रविवारी मी मोकळा असतो.