मूल गेल्यावर प्रार्थना होत नाही, म्हणजे विश्वास संपला का?

ताई, तुमचा नऊ वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी असलेला, पावसाळ्यात न्यूमोनियाने गेला. शेवटच्या आठवड्यात तुम्हीच त्याला भरवत होतात आणि ते मनातून जात नाही. चर्चच्या मंडळीतले लोक ‘देवाने सोडवलं’ म्हणतात. तो बोलत नव्हता, मग त्याने येशूला स्वीकारलं तरी केव्हा, असंही कुणी तुम्हाला विचारलं. तुमचे यजमान दर रविवारी उपासनेला जातात, तुमच्याकडून घरीसुद्धा प्रार्थना होत नाही. आणि तुम्ही विचारलंय की हा विश्वास गेल्याचा पुरावा आहे का.

मी पुण्यातलाच, नाना पेठेत राहतो. आमचं घराणं तीन पिढ्या ख्रिस्ती. माझ्या थोरल्या मुलीलाही हाच आजार होता. ती तेरा वर्षांची होऊन गेली, त्याला आता बराच काळ झाला. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही, एक बाप आहे, त्या नात्याने लिहितो.

आधी भरवण्याचं बोलू, कारण रात्री झोपू देत नाही ते तेच. सेरेब्रल पाल्सी तीव्र असली की हातापायांसारखे गिळण्याचे स्नायूही मेंदूचं ऐकत नाहीत. घासाचा थोडा भाग श्वासनलिकेत उतरतो आणि पुष्कळदा ठसकासुद्धा लागत नाही, त्यामुळे भरवणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. अन्नाचं सोडा, स्वतःची लाळही झोपेत फुप्फुसात जाते. पोटात नळी बसवून त्यातून अन्न दिलं जाणाऱ्या मुलांनाही न्यूमोनिया होतो, तो म्हणूनच. त्यात खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद कमी, आणि कणा वाकलेला असेल तर छाती पुरती फुलत नाही. अशा मुलांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण श्वसनाचे आजार हेच असतं. तुम्ही त्याला टेकवून बसवलंत, हनुवटीला हात लावलात, मऊ वरणभाताचा एकेक चमचा घशाखाली उतरेपर्यंत थांबलात. एकेका जेवणाला तास लागतो, हे मला सांगायला नको. तो नऊ वर्षं जगला ते याच हातांवर. शेवटचा आठवडा त्या नऊ वर्षांतून वेगळा काढून स्वतःवर खटला भरू नका.

या अपराधीपणाला आपले लोक खतपाणी घालतात, म्हणून मी जरा चिडून लिहिणार आहे. मुलगी चार वर्षांची असताना नातेवाइकांच्या आग्रहाखातर आम्ही तिला एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला, नेलं. व्यासपीठावरच्या माणसाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती उठून चालली नाही तेव्हा माइकवरून आम्हा दोघांना विचारलं, घरात कुठलं लपलेलं पाप आहे? माझी बायको महिनाभर आरशात बघत नव्हती. शेजारच्या वाड्यातल्या काकू मायेने म्हणायच्या, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल हो. एकाने या जन्मातला दोष शोधला, दुसरीने मागच्या. काकूंचा मला राग आला नाही, त्या त्यांच्या समजुतीने बोलत होत्या आणि पोरीसाठी रव्याची खीर घेऊन यायच्या. माइकवाल्याचा मात्र आला, कारण त्याच्या हातातल्या पुस्तकातच उत्तर होतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा. जन्मांध माणूस बघून शिष्य येशूला हेच विचारतात की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही. एवढं स्वच्छ सांगितलेलं असताना आपल्याला कुणी तो प्रश्न पुन्हा विचारला, तर त्याला तो अध्याय वाचून दाखवायचा आणि उठून यायचं.

‘देव झेपेल एवढंच देतो’ हेही तुम्हाला ऐकवलं गेलं असणार. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातलं ते वचन मूर्तिपूजा आणि मोह यांविषयीच्या इशाऱ्यात येतं. तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल मोहात पडण्याबद्दल बोलतोय, मूल दगावण्याबद्दल नाही. मला झेपलं नव्हतं. अजूनही काही दिवस झेपत नाही.

आता ‘सोडवलं’. यात एक खरं आहे, ते नाकारणार नाही. माझ्या मुलीचे झटके थांबले, रात्री-अपरात्री सक्शन मशीनने घशातला कफ काढताना तिचे डोळे घाबरे व्हायचे, तेही थांबलं. त्याबद्दल मी देवाचे आभार मानले आहेत. पण बोलणारे बहुतेकदा एवढ्यावर थांबत नाहीत. ‘तुम्हीही मोकळे झालात’ असं पुढे येतं, म्हणजे तिचं असणं हीच अडचण होती. ताई, आमच्या घरात ती अडचण नव्हती. धाकट्याच्या शाळेतल्या गोष्टी सगळ्यांत मन लावून तीच ऐकायची. नाताळात एमजी रोडवर दिवे लागले की तिची खुर्ची त्या गर्दीतून ढकलत न्यायचो, घाम निघायचा आणि ती प्रत्येक ताऱ्याकडे बघून ओरडायची. बासष्टाव्या वर्षी निवृत्त झालेली माझी बहीण आमच्याकडे राहायला आली ती केवळ तिच्यासाठी. ती गेल्यावर घर मोकळं झालं, ते कुणालाच नको होतं.

तसंच ‘आता ती स्वर्गात धावत असेल, गात असेल’. प्रेमाने म्हणतात, मी मान हलवतो. पौलानेच लिहिलंय की अशक्तपणात पेरलं जातं ते सामर्थ्यात उठवलं जातं, आणि तिचं शरीर वेदनेशिवाय असेल यावर माझा पूर्ण भरवसा आहे. मात्र त्याच्याच शेजारी मी योहानाचा विसावा अध्याय धरून ठेवतो. मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा आहेत, कुशीत भाल्याची जखम आहे, आणि थोमा या शिष्याला तो त्या दाखवतो. देवाने त्या पुसून टाकल्या नाहीत. या पृथ्वीवर तो ज्या शरीराने जगला आणि मेला, ते शरीर त्याने चूक म्हणून टाकून दिलं नाही. मला परत भेटायची आहे ती माझी मुलगी, तिच्या जागी दुरुस्त करून दिलेली दुसरी कुणी नको. ज्याच्या अंगावर व्रण आहेत असा तारणारा हे समजून घेईल, असं मी मानतो. माझ्या विश्वासातला सगळ्यांत घट्ट भाग कुठला विचाराल तर हा.

तुमच्या मुलाच्या तारणाबद्दल ज्याने विचारलं त्याला मार्काचा दुसरा अध्याय द्या. चार माणसं एका पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे दार सापडत नाही, म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. तो आजारी माणूस एक शब्द बोलल्याचं लिहिलेलं नाही. येशू ‘त्यांचा विश्वास’ पाहतो, म्हणजे उचलून आणणाऱ्यांचाही, आणि त्याला म्हणतो, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. दहाव्या अध्यायात लोक बालकांना आणतात, शिष्य दटावतात, आणि येशू शिष्यांवरच रागावतो. त्या लेकरांना तो काही विचारत नाही, उचलून कवेत घेतो. तुम्ही नऊ वर्षं मुलाला कडेवर आणि नंतर पाठीवर घेऊन उपासनेला नेलंत. अजून कुठली कबुली हवी?

शिवाय तो बोलत नव्हता म्हणजे त्याला काही पोचत नव्हतं, हे कोण ठरवणार? माझी मुलगी प्रवचनात कंटाळून आवाज काढायची, पुढच्या बाकांवरची डोकी वळायची. पण हार्मोनियमचा भाता हलला की गप्प. आशीर्वचनाच्या वेळी पाळकसाहेब हात वर करायचे तेव्हा तीही तिचा वाकडा हात जितका जाईल तितका वर न्यायची. मी त्याला तिचं ‘आमेन’ समजत आलो.

आता प्रार्थना. माझ्याकडूनही ती बरेच महिने झाली नाही. गीत सुरू झालं की घसा बंद व्हायचा. जे निघायचं ते रात्री गॅलरीत उभं राहून, आणि ते ऐकलं असतं तर पाळकांनी मला बोलावून घेतलं असतं. का दिलीस, का नेलीस, चंगाई करायची नव्हती तर एवढी वर्षं आशेला का लावलंस? आमच्या पाळकसाहेबांना हे मी शेवटी सांगितलं तेव्हा त्यांनी समजावलं काही नाही, स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र काढून हातात दिलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाला वळतात, उपकारस्तुतीकडे येतात. हे वळत नाही. पहिल्या ओळीत देवाला हाक आहे आणि शेवटच्या ओळीत अंधार. तरी १५० स्तोत्रांमध्ये ते ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. बायबलमधल्या, मुलं आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, तोवर सगळं ठीक होतं. मग ते देवाची बाजू मांडायला लागले. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग होतो तो त्या मित्रांवर, आणि सरळ बोलला तो ईयोबच असा निवाडा मिळतो, ज्याने अध्यायामागून अध्याय देवाला जाब विचारला होता. आणि प्रभू स्वतः वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राचे शब्द ओरडला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तुमच्या मनात राग असेल तर तो त्याच्या अंगावर टाका. रोज कुणाशी तरी भांडतो आहोत म्हणजे तो ऐकतोय हे आपण धरूनच चाललेलो असतो. आणि भांडायचीही ताकद नसेल तर ८८ वं स्तोत्र नुसतं उघडून समोर ठेवा. तेवढी प्रार्थना पुरते.

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या घराघरांत आहे, त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनला तुम्हीही गेला असाल. आपण त्यांचं कार्य सांगतो, एक गोष्ट सांगायची राहते. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोवर नवरा गेला. उरली एक मुलगी, मनोरमा. तिने आईच्या कामात जन्म घातला, आणि १९२१ मध्ये, चाळिशीत, तीही गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्या शेवटपर्यंत करत राहिल्या. ईयोब, स्तोत्रं, रामा गावात मुलांसाठी राहेलीने केलेला तो आक्रोश, ही सगळी पानं या बाईच्या हाताखालून गेली होती. ‘रमाबाई खंबीर होत्या, तुम्हीही व्हा’ असं मी म्हणणार नाही. आपल्या मराठी मंडळीत एवढं दुःख घेऊन त्या पुस्तकापाशी बसलेलं माणूस होऊन गेलंय, हे मला रात्री बरं वाटतं, म्हणून सांगितलं.

काही साध्या गोष्टी. त्याची व्हीलचेअर, पायांना आधार देणारे कॅलिपर, उरलेली औषधं कुणाला देऊन टाकायची घाई करू नका, कुणी सांगितलं तरी. फोनवरचे औषधांच्या वेळांचे गजर बंद करायला मला फार जड गेलं. तुम्हालाही जाईल, ते वेडेपणाचं नाही. मात्र झोप पार उडाली असेल, किंवा त्याच्या मागे जावं असं मनात येत असेल, तर ते अंगावर काढू नका. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, डॉक्टरकडेही जा. औषध घेणं म्हणजे देवावरचा भरवसा सोडणं, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, मुलाला झटक्यांची गोळी देत होतो तेव्हा काय सोडलं होतं?

आणि यजमानांशी या कारणावरून भांडू नका. आमच्याकडे उलटं होतं, बायको आत उपासनेत आणि मी फाटकाबाहेर स्कूटरवर. ती म्हणाली, तू आत नसलास तरी तुझ्या वाटचं मी गाते. शेजारच्या बाकावरच्या एक आजी, ज्या माझ्या मुलीने आवाज काढला की तिचा हात धरून बसायच्या, त्यांनीही तेच केलं. मार्काच्या त्या गोष्टीतल्या बाजेवर तेव्हा मी होतो आणि उचलणारी ही माणसं. तुम्हालाही काही दिवस उचलू द्या. ज्या रविवारी जावंसं वाटेल त्या रविवारी मागच्या बाकावर बसा, गीताला उभं राहायचं नसेल तर राहू नका, मध्येच उठून यावंसं वाटलं तर या.

२ नोव्हेंबरला, किंवा तुमच्या मंडळीत मृतांची आठवण ज्या दिवशी करतात त्या दिवशी, तुमच्या पाळकांना त्याचं नाव यादीत घ्यायला सांगा. लहान मुलांची, त्यातून अशा मुलांची नावं पुष्कळदा राहून जातात. ‘अमक्यांचा मुलगा’ असं न वाचता त्याचं स्वतःचं पूर्ण नाव वाचा, हेही सांगा. लिहून द्या हवं तर.