जुनी उपकरणे दान करताना

प्रश्न : आमच्या रुग्णालयातले चार ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रे; ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ) आणि दोन पेशंट मॉनिटर दोन वर्षे कोठारात पडून आहेत. सगळे चालू स्थितीत आहेत. ते एका विकसनशील देशातल्या रुग्णालयाला द्यायचे आहेत. तिथली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे. सोबत ट्रान्सफॉर्मर दिला की भागेल ना?

उत्तर : मॉनिटरचे जमेल, कॉन्सन्ट्रेटरचे नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तने) तेवढेच राहतात. ६० हर्ट्झसाठी बनवलेली कॉम्प्रेसरची मोटर ५० वर सुमारे सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि जास्त तापते. हवा कमी दाबली जाते, ऑक्सिजनची शुद्धता घसरते. यंत्र मात्र घरघरत राहते, नळीतून वाराही येतो, त्यामुळे बिघाड चटकन कळत नाही. बंद यंत्रापेक्षा हे वाईट.

दुसरी शंका आतल्या झिओलाइटची. हे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. पण साठवणीत ओल शिरली की निकामी होतात. ‘चालू स्थितीत’ म्हणजे नुसता दिवा लागतो, एवढेच नसावे. कमाल प्रवाहावर अर्धा तास चालवून ऑक्सिजनची शुद्धता अ‍ॅनालायझरने मोजा. ८२ टक्क्यांच्या खाली आल्यास ते यंत्र कोणालाच देऊ नका. चाचणीत उतरले, तरी ६० हर्ट्झची वीज असलेल्या देशालाच विचारा.

मॉनिटरच्या मागची पट्टी वाचा. १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल तर फक्त प्लग बदलावा लागेल. बॅटरी नवी घाला, रुग्णांची माहिती पुसा, निर्जंतुक केल्याचे पत्र जोडा. त्याच मॉडेलला बसणारे बोटाचे प्रोब, लहान-मोठे बीपी कफ आणि ईसीजी केबल किमान दोन वर्षे पुरतील इतक्या द्या. एखाद्या किरकोळ जोडणीपायी लाखाचा मॉनिटर अडगळीत जातो, तो असाच. सर्व्हिस मॅन्युअल आणि सर्व्हिस मेनूचा पासवर्ड हमखास राहून जातो.

हे सगळे मेक, मॉडेल आणि वयासह आधी तिथल्या तंत्रज्ञाला कळवा. बंदरातले शुल्क कोण भरणार, हेही लेखी ठरवा. त्यांचा होकार येईपर्यंत खोकी बांधू नका.

प्रश्न : एक बंद मॉनिटर सुट्या भागांसाठी सोबत पाठवू का?

उत्तर : नको. बंद उपकरण हा ई-कचरा ठरू शकतो. १ जानेवारी २०२५ पासून बासेल करारानुसार (घातक आणि इतर कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार) असा माल धाडण्यापूर्वी घेणाऱ्या देशाची संमती लागते. चांगले भाग काढून, तपासून, वेगळे पाठवा.