पाया, स्लॅब आणि सातबारा: घर बांधणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

गणपती गेले की ठाणे-नवी मुंबईकडच्या घर बांधणाऱ्यांची लगबग सुरू होते. दसऱ्याला कुदळ मारायची आणि मृगाच्या आत स्लॅब टाकायचा, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. त्यामुळे या महिन्यात पत्रं भरपूर आली. टाइल्स, किचनचा ओटा, दर्शनी भिंतीचा रंग यांवरचे प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवलेत. ते पुढेही बदलता येतं. मातीत, काँक्रीटमध्ये आणि सरकारी दप्तरात जे गाडलं जातं, त्यावरचे प्रश्न आधी घेते.

प्रश्न (कळवा): मॅडम, शहापूरजवळ एजंटने तीन गुंठ्यांचा ‘एनए होणारा’ प्लॉट दाखवलाय. सातबारा स्वच्छ आहे, त्यावर आमची नावं सामाईकात लागतील म्हणतो. रिटायरमेंटनंतर राहायला छोटं घर बांधायचं आहे. घ्यावा का?

‘एनए होणारा’ म्हणजे आज एनए, म्हणजे बिगरशेती, नाही. आणि ‘सामाईकात’ हा शब्द ऐकलात की टोकन देऊ नका. मोठ्या गटाचे चुन्याच्या फक्कीने तुकडे आखायचे, रस्त्याला दोन कमानी उभ्या करायच्या आणि पंधरा-वीस जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवायची, हा धंदा मुरबाड-शहापूरकडे जुना आहे. त्यात तुमचा हिस्सा कागदावर असतो, जागा मात्र कुठेच दाखवलेली नसते. उद्या बांधकाम परवानगी मागायला गेलात तर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतील. बँकही अशा जागेवर कर्ज द्यायला तयार होत नाही.

शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडायला बंदी घालणारा तुकडेबंदी कायदा 1947 चा आहे. 2025 मध्ये त्यात मिळालेली सूट नियोजनात बिगरशेती वापर दाखवलेल्या भागांसाठी आहे, शेती झोनमधल्या तीन गुंठ्यांना तिचा उपयोग नाही. फार्महाउसचं आमिष दाखवत असतील, तर त्यासाठी किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर शेती लागते. शिवाय शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असायला हवं.

तरीही जागा आवडलीच असेल तर एजंटकडे या गोष्टी मागा: बिगरशेतीचा आदेश, प्लॉट नंबर दाखवणारा मंजूर लेआउट, त्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा, झोन दाखला आणि भूमी अभिलेखच्या मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे की 2, हे स्वतः वाचा. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. निदान तीस वर्षांचे फेरफार काढा आणि त्यात आदिवासी खातेदाराचं नाव कुठे येतं का ते शोधा. आपल्या जिल्ह्यात हे हमखास निघतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ मुळे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि तसा झालेला व्यवहार पुढे कितीही हात बदलला तरी अंगाशी येतो. हे कागद मागितल्यावर एजंट तुमचे फोन उचलेनासा झाला, तर समजून जा.

प्रश्न (उलवे): सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतला (प्रकल्पग्रस्तांना जमिनीच्या बदल्यात मिळणारा) छोटा भूखंड आहे. तळमजला अधिक दोन मजले बांधायचे आहेत. ठेकेदार म्हणतो, पाच फूट खोदून राफ्ट (घराखाली सलग काँक्रीटचा पाया) टाकू, माती तपासायला पैसे कशाला घालवता, शेजारचं घर असंच उभं आहे. काय करावं?

शेजारचं घर उभं आहे, पण ते किती वर्षांचं आहे? इकडची जमीन घर एका पावसात गिळत नाही, ती वर्षानुवर्षं हळूहळू बसते. शेजाऱ्यांच्या जिन्याखाली आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यांत तिरप्या भेगा आहेत का, ते एकदा चहाला जाऊन बघून या.

उलवे, द्रोणागिरी, ऐरोली-कोपरखैरण्याची खाडीकडची बाजू या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी वर मुरमाचा भराव असतो आणि त्याखाली खाडीचा काळपट, लोण्यासारखा मऊ गाळ. अशा गाळातलं पाणी दाबाखाली अगदी सावकाश निघतं आणि ते निघेल तसा गाळ बसत जातो. लोकांच्या ध्यानात येत नाही ते असं, की भराव हेच मुळात वजन आहे. तुम्ही एक वीटही ठेवली नाहीत तरी त्या भरावाने खालचा गाळ दबतच असतो. राफ्टवरचं घर सगळीकडून सारखं बसलं तर फार बिघडत नाही, फक्त ड्रेनेजचे पाइप आणि पायऱ्या तुटतात. पण भूखंडाचा एक कोपरा जुन्या खाजणाच्या बांधावर आणि दुसरा खाजणातच असेल, तर घर कलतं. कललेलं घर सरळ करणं कुणाच्याही खिशाला परवडत नाही.

म्हणून निदान दोन बोअर घ्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, आणि खडक लागल्यावरही थोडं आत जाऊ द्या. अहवालात प्रत्येक थराचा एन व्हॅल्यू (माती किती घट्ट आहे त्याचा आकडा), पाण्याची पातळी आणि त्या पाण्यातले क्लोराइड-सल्फेट हवेत. बोअर चालू असताना साइटवर जा आणि कोअर बॉक्स उघडायला सांगा. लाकडी पेटीत खोलीप्रमाणे खडकाचे दंडगोल ओळीने लावलेले असतात. अखंड, वीतभर लांबीचे तुकडे दिसले तर खडक चांगला. नुसती खडी आणि भुसा असेल तर वरचा खडक कुजलेला आहे, अजून खाली जावं लागेल.

अहवालात पाइल (गाळातून खडकापर्यंत नेलेले काँक्रीटचे खांब) सुचवलं तर आणखी एक गोष्ट विचारा. बसणारा गाळ पाइलला धरून खाली ओढतो. ते ओझं डिझाइनमध्ये धरलंय का? तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला हा प्रश्न नवा वाटला, तर दुसरा इंजिनिअर बघा.

दोन गोष्टी कागदांच्याही. भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहे. तो तुम्ही नुसत्या मुखत्यारपत्रावर घेतला असेल, तर हस्तांतरण सिडकोकडून रीतसर करून घेतल्याशिवाय पाया खणू नका. आणि विमानतळ शेजारी आहे, तेव्हा उंचीची मर्यादा तुमच्या आर्किटेक्टला विमानतळाच्या रंगीत झोनिंग नकाशावर तपासायला सांगा.

प्रश्न (कासारवडवली): प्लॉट 140 चौरस मीटर आहे. दीडशेच्या आत परवानगी लागत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला सवलत आहे. नियमात बसणारा नकाशा परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीने, मालकीच्या कागदांसह दाखल करायचा आणि शुल्क भरायचं. त्या शुल्काची पावतीच परवानगी धरली जाते. पण मोकळ्या जागा सोडायच्या असतातच आणि जोत्यापर्यंत काम आलं की कळवायचंही असतं. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्राची नियमावली वेगळी आहे, तिथल्यांनी हे उत्तर आपल्याला लावून घेऊ नये. भोगवटा प्रमाणपत्र मात्र चुकवू नका. विकताना तेच मागतात.

प्रश्न (घणसोली गाव): जुनं कौलारू घर पाडून आरसीसी बांधतोय. मेमध्ये पहिला स्लॅब आहे. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, इंजिनिअर येऊन-जाऊन असतो. स्लॅबच्या दिवशी आम्ही नेमकं काय बघायचं?

रजा काढा, दोघांपैकी एकाने तरी. पण खरं बघायचं ते आदल्या संध्याकाळी, सळई बांधून झालेली असते तेव्हा. मोबाइलचा टॉर्च घ्या आणि सेंटरिंगवर वाकून सळईखाली बघा. जाळी प्लायवर टेकलेली दिसली तर स्लॅब पुढे ढकला. तुमच्याकडे खाडीचा खारा वारा आहे. सळईला काँक्रीटचं पांघरूण कमी पडलं की दहा-बारा वर्षांत छताचे पापुद्रे डोक्यावर पडायला लागतात. काँक्रीटच्या कामाची भारतीय मानक संहिता आयएस 456, तिच्यात आडोशाच्या किनारी भागाला किमान 30 मिमी आणि थेट खाऱ्या हवेला 45 मिमी कव्हर सांगितलंय. गवंडी खडीचा तुकडा खाली सरकवून ‘झालं कव्हर’ म्हणेल, तर ऐकू नका. एकाच मापाचे कव्हर ब्लॉक हवेत. ते कामाच्याच प्रतीच्या काँक्रीटचे किंवा पीव्हीसीचे घ्या. कॉलम आणि बीमच्या रिंगांची टोकंही बघा. ती 135 अंशांत आत वळलेली हवीत. नव्वद अंशांत वाकवून सोडलेली रिंग भूकंपात उघडते, आणि 2016 च्या भूकंप संहितेनुसार आपण तिसऱ्या भूकंप विभागात येतो. वरच्या जाळीखाली खुर्च्या (ती उचलून धरणारे सळईचे टेकू) आहेत का, हेही पाहा. नाहीतर पाटीवाले चालून चालून ती खाली दाबतात आणि मग बाल्कनी लोंबते.

आता पाणी. भांडण इथेच होतं. मध्यम वर्गातल्या, म्हणजे आडोशाच्या किनारी हवेतल्या काँक्रीटला संहिता पाणी-सिमेंटचं प्रमाण 0.5 च्या वर जाऊ देत नाही, म्हणजे 50 किलोच्या गोणीला 25 लिटर, तेही रेतीतला ओलावा धरून. मिक्सरवरचा माणूस पाइपच सोडून बसतो, कारण पातळ माल पसरवायला सोपा जातो. माल घट्ट वाटत असेल तर प्लास्टिसायझर (माल पातळ करणारं रसायन) वापरायचं, पाणी नाही. ‘एकास दीड, तीन’ (सिमेंट, रेती, खडी) या ठरावीक प्रमाणावर काँक्रीटच्या ताकदीत एम20 प्रतीच्या वर जाता येत नाही आणि तुमच्या भागात एम25 च्या खाली जायचं नाही, म्हणून मी तुम्हाला आरएमसी, म्हणजे प्लांटमधून तयार येणारं काँक्रीटच सुचवेन. गल्लीत ट्रान्झिट मिक्सर शिरत नसेल तर पंप आधी ठरवा. चलनावरची भरल्याची वेळ वाचा, भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे. ड्रायव्हरने ड्रममध्ये पाणी घालायला घेतलं तर ती गाडी परत पाठवा. वाईटपणा येईल, येऊ द्या. प्रत्येक खेपेचे क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरून घ्या. 7 आणि 28 दिवसांचे रिझल्ट तुमच्या ईमेलवर यायला हवेत, ठेकेदाराच्या नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर सिमेंटची आळी बांधून पाणी भरा. हल्ली बहुतेक गोण्या पीपीसी (राख मिसळलेल्या) किंवा स्लॅग सिमेंटच्या असतात. त्यात मेचं ऊन, तेव्हा पुरते 14 दिवस पाणी मारायचं. टँकरचं पाणी चाखून बघा. खारट लागलं तर परत करा, आणि खाडीची रेती तर साइटवर येऊच देऊ नका. टेकू काढायची घाई नको: 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबला किमान 7 दिवस, 6 मीटरपर्यंतच्या बीमला 14 दिवस, त्याहून मोठ्या बीमला 21. हे साध्या सिमेंटचे आकडे आहेत. पीपीसीला इंजिनिअरला विचारून वाढवा.

प्रश्न (बाळकुम): ठेकेदाराने फुटाचा लेबर रेट दिलाय, पण काम सुरू झाल्यावर ‘हे त्यात नाही’ असं रोज चाललंय. करार दोन पानी आहे.

पानं दोन असली तरी चालतात, फूट कशाचा मोजायचा ते त्यात हवं. स्लॅब एरियावर म्हणजे छज्जा अर्धा धरायचा की पूर्ण? जिन्याचं माप कसं घ्यायचं? पॅरापेट, जमिनीखालची टाकी, जोत्याखालचं सोलिंग दरात आहे का? सेंटरिंगचं सामान, पाणी, वीज, वॉचमन कुणाचा? आता उशीर झालाय, तरी उरलेल्या कामापुरती ही यादी करून दोघांच्या सह्या घ्या. जादा काम आधी व्हॉट्सअ‍ॅपवर दर ठरवून मगच. पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर द्या, टप्पा सुरू होताना नाही. बिलातून पाच टक्के राखून ठेवा आणि एक पावसाळा गेल्यावर द्या. मजुरांचा विमा कुणी काढलाय, तेही विचारा. स्वतः राहायच्या घराला बांधकाम कामगार उपकर नोव्हेंबर 2025 पर्यंत 10 लाखांवर होता, आता तो 50 लाखांवर आहे; तुमचं घर त्यात येत असेल तर एक टक्का बजेटमध्ये धरा.

प्रश्न (कोपरी): गच्चीला विटांचा कोबा करू की केमिकल वॉटरप्रूफिंग? आणि वास्तूप्रमाणे पश्चिमेची खिडकी बंद करू का?

कोबा टिकतो, चांगल्या माणसाने केला तर. पण साडेचार इंची कोबा चौरस मीटरमागे दोनशे किलोच्या वर जातो. ते वजन डिझाइनमध्ये नसेल तर नंतर चढवू नका. काहीही केलंत तरी पाणी शंभराला एक उतारावर आउटलेटकडे गेलं पाहिजे, पॅरापेटच्या कोपऱ्यात गोल वाटा (सिमेंटची गोलाई) हवा, आणि पैसे देण्याआधी दोन-तीन दिवस पाणी तुंबवून खाली ओल येते का बघा.

खिडकी बंद करू नका, तिच्यावर दीड-दोन फुटांचा छज्जा घ्या आणि त्याला पागोळीची खाच ठेवा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या भिंतीला बाहेरून दोन थरांत प्लास्टर, त्यात वॉटरप्रूफिंग कंपाउंड, हे मला दिशाशास्त्रापेक्षा महत्त्वाचं वाटतं. बाकी देवघर कुठेही ठेवा.

प्रश्न (वर्तकनगर, मुरबाडला बांधकाम): सळई वजनात मारतात असं ऐकलं. आणि सेप्टिक टँक विहिरीपासून किती लांब हवी?

सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि 162 ने भागा. मीटरमागे किती किलो ते मिळेल. 12 मिमीची 12 मीटरची सळई 10.66 किलो भरायला हवी. तिला पाच टक्के इकडेतिकडे माफ आहे, त्याहून कमी भरली तर ट्रक परत. काट्याची पावती तुम्ही स्वतः घ्या.

टाकीचं तळ पक्कं असतं, घाण जाते ती शोषखड्ड्यातून, म्हणून अंतर शोषखड्ड्याचं मोजा: पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर, घरापासून 6 मीटर. मुरबाडकडे खडक वर असेल तर खड्ड्याचं पाणी भेगांतून कुठल्या कुठे जातं. तिथे 18 मीटर पुरे समजू नका, विहिरीच्या उताराला खालच्या अंगालाच खड्डा घ्या. पावसाळ्यात विहीर कुठवर भरते ते गावातल्या जुन्या माणसाला विचारा आणि खड्ड्याचा तळ त्या पातळीच्या वर ठेवा. टाकीपर्यंत व्हॅक्यूमची गाडी येईल एवढी वाट कुंपणातून सोडा. उपसायला माणूस आत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे.