"लाईन" म्हणजे नेमकं काय? इंग्रजीतला अर्थ खरा का आमच्याकडचा?

भाऊ म्हणू का ताई, नाव दिसून नाही राहिलं. तुम्ही लिहिलं की बदलीनं वर्धा जिल्ह्यात आर्वीकडं आले, घरमालक रात्री म्हणाले "आज रात्रीची लाईन आहे, वावरात चाललो" अन् तुम्हाला वाटलं कुठंतरी रांगेत उभे राहायला चालले. मग विचारलं की लाईनचा खरा अर्थ कोणता. मी तालुक्याच्या गावी इंग्रजीची ट्युशन घेतो अन् घरी शेती आहे, तर दोन्हीकडचं सांगतो.

आधी घरमालकाचं. ते मोटर चालू करायला गेले. शेतीपंपाची थ्री फेज लाईन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री, अन् हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या टायमाला रात्रीची पाळी आली की माणूस टॉर्च अन् काठी घेऊन थंडीत निघतो, सापाचं अन् रानडुकराचं भ्या वेगळंच. आमच्या गावात ढोबळ हिशोब असा की घरची जाते ते लाईट, वावरातली जाते ते लाईन. तार पण लाईन, तारेतून येतो तो करंट पण लाईन, खांबावर चढतो तो लाईनमन. इंग्रजीत पॉवर लाईन आहे, पण नुसतं "लाईन आली" म्हटलं तर लंडनच्या माणसाच्या डोक्यात करंट येणार नाही. ते आपलं आहे.

आता तुमच्या डोक्यात लाईन म्हणजे रेषा हे पक्कं बसलंय, पण तो काही पहिला अर्थ नाही. हा शब्द निघाला जवसातून. हो, तेच जवस ज्याची चटणी आपण भाकरीसंग खातो. लॅटिनमधे त्या झाडाला लिनुम म्हणत, त्याच्या खोडातून धागा काढत, त्या धाग्याची दोरी ती लिनिया, अन् तिथून इंग्रजीत लाईन. लिनन कापड त्यातलंच, कोटाचं लायनिंग त्यातलंच कारण आतून लिनन लावत, अन् लिनसीड तर सरळसरळ जवसाचा दाणा. आपण तेलासाठी पेरतो म्हणून आपलं वाण बुटकं अन् फांद्यावालं, धाग्यासाठी पेरतात ते उंच अन् सरळ वाढतं, झाड एकच. म्हणजे लाईन म्हणजे आधी दोरी. गवंडी लाईनदोरी बांधतो तेव्हा तो बिचारा एकच गोष्ट दोनदा म्हणतो. दोरी ताणली की सरळ दिसते म्हणून रेषा, रेषेत उभी माणसं म्हणून रांग, रेषेत लिहिलेले शब्द म्हणून कवितेची ओळ. पण रांगेला लाईन हे अमेरिकन लोक म्हणतात, ब्रिटिश माणूस क्यू म्हणतो, अन् आपण राशनच्या दुकानापुढं अमेरिकन होतो.

रांगेवरून अजून एक. इंग्रजांच्या फौजेत तंबू, घोडे, बराकी सगळं रांगेनं, त्या रांगांना लाईन्स म्हणत. मग मुलकी साहेबांच्या बंगल्यांची वस्ती ती सिव्हिल लाईन्स, नागपूरची सगळ्यांना माहीतच आहे. पोलीस लाईन तशीच, अन् तिथं वाढलेलं पोरगं लाईनबॉय.

रेल्वेनं आपल्याला "लाईन क्लिअर" दिलं. पुढच्या स्टेशनपर्यंतचा रूळ मोकळा आहे अशी तिथल्या स्टेशन मास्तरची परवानगी, ती मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा तो कामकाजातला शब्द. आता मुर्तिजापूरची शकुंतला, ती छोट्या रुळावरची गाडी, बंद पडली तरी शब्द चालू आहे, बाप घरी नसला की पोरं फोनवर सांगतात लाईन क्लिअर आहे ये.

अन् धंदा हा पण अर्थ आहे, हा इंग्रजीतूनच आलेला, लाईन ऑफ वर्क म्हणतात. मेडिकल लाईन, ड्रायव्हर लाईन. लग्न जमवताना पहिला प्रश्न "पोरगा कोणत्या लाईनमधे हाय?" शेती म्हटलं की समोरचा चहा संपवून उठतो, शेतीला कोणी लाईन धरतच नाही राज्या.

माझ्या मते अर्थांची यादी पाठ करण्यात काही मतलब नाही, माझ्या क्लासमधे मी ती करूही देत नाही. लाईनच्या शेजारचं क्रियापद पाहा, तेच सगळं सांगतं. लाईन गेली, करंट. लाईन लागली, रांग. पोरगा लाईनला लागला, नोकरी मिळाली. लाईन मारली, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. लाईन दिली याच्यात मात्र घोळ आहे, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात प्रॉम्प्टर लाईन देतो म्हणजे विसरलेलं वाक्य पुरवतो, अन् कॉलेजात पोरीनं लाईन दिली म्हणजे ती हसून पाहते. दोन्हीकडं पोरगं गडबडते हे खरं. इंग्रजीतही असंच, ड्रॉ द लाईन म्हणजे इथून पुढं नाही, होल्ड द लाईन म्हणजे फोन ठेवू नका, ड्रॉप अ लाईन म्हणजे दोन ओळी लिहून पाठव, क्रॉस द लाईन म्हणजे मर्यादा सोडली. क्रिकेटमधली लाईन म्हणजे बॉल कोणत्या स्टंपच्या दिशेनं चालला ते, टप्पा कुठं पडला ती लेंग्थ, लोक दोन्ही एकच समजतात.

डेडलाईनबद्दल तुम्ही कंसात विचारलं होतं. हा शब्द तुरुंगातला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मधे, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत बाहेरच्या कुंपणाच्या आत एक हलकं लाकडी कठडं केलं होतं, कैद्यानं ते ओलांडलं की पहारेकरी गोळी घालायचा. त्याला डेड लाईन म्हणत. छापखान्या-पेपरवाल्यांनी तो शब्द नंतर शेवटच्या वेळेसाठी घेतला, अन् आता पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला आपण तोच वापरून राहिलो.

ऑफिसात इंग्रजी लिहिता म्हणून एक सांगून ठेवतो. टो द लाईन म्हणजे वरिष्ठांनी आखलं तसं गपगुमान चालणं. यातला टो म्हणजे पायाचं बोट, स्पेलिंग टी-ओ-ई. गाडी ओढून नेतात तो टो, टी-ओ-डब्ल्यू, तो इथं नाही, शिकलेले लोकही हटकून तोच लिहितात.