बहिरी ससाण्याची जोडी घरट्याकडे फिरकत नाही? आधी पिल्लांच्या गळ्याकडे बघा

घरटं टाकून दिलेलं नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून सगळं जसं व्हायला हवं तसंच चाललंय. छतावर मांसाचे तुकडे ठेवायचा विचार मात्र कृपया सोडून द्या. का, ते सविस्तर सांगते.

तुमचं निरीक्षण थोडक्यात असं: समोरच्या उंच इमारतीच्या छज्ज्यावर बहिरी ससाण्याची तीन पिल्लं आहेत. काही आठवड्यांपूर्वी आई त्यांच्यापासून हलत नव्हती. आता दोन्ही मोठे पक्षी तासन् तास दिसत नाहीत. आले तरी पंजात शिकार धरून छज्ज्यासमोरून घिरट्या घालतात आणि ती न देताच निघून जातात. पिल्लं ओरडत राहतात. त्यातलं एक बाकीच्या दोघांपेक्षा बारीक आहे आणि ते उपाशी मरेल अशी तुम्हाला धास्ती वाटतेय. पिल्लांची पाठ तपकिरी झालीय, डोक्यावर आणि मांड्यांवर पांढऱ्या लवेचे पुंजके उरलेत, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय.

या शेवटच्या वाक्यातच तुमचं बरंचसं उत्तर आहे, कारण त्यावरून वय कळतं. पहिले दहा-बारा दिवस पिल्लं पांढऱ्या लवेत असतात, त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून आई किंवा बाप त्यांना पोटाखाली घेऊन बसलेला असतो. तीन आठवड्यांच्या सुमारास पंखांच्या आणि शेपटीच्या कडेला पिसांच्या निळसर नळ्या दिसायला लागतात. चौथ्या आठवड्यात पंखांवर तपकिरी रंग उघडतो. पाठ पूर्ण तपकिरी आणि डोक्यावर फक्त पुंजके, म्हणजे पिल्लं पाच आठवड्यांच्या आसपास आहेत. साधारण चाळिसाव्या दिवसाच्या मागेपुढे ती उडतात. तुमच्या हाती फार तर आठवडाभर आहे, आणि तुमच्या काळजीची खरी गरज त्या आठवड्यात लागणार आहे. आज नाही.

आता ते बारीक पिल्लू. बहिरी ससाण्याची मादी साधारण दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन-चार अंडी घालते, पण पहिल्या अंड्यापासून नेटाने उबवायला बसत नाही. तिसरं अंडं आल्यावर खरं उबवणं सुरू होतं. त्यामुळे पहिली दोन अंडी उघडी पडलेली पाहून दरवर्षी कुणीतरी घाबरतं, पण नेमकं त्याच्यामुळेच पिल्लं एक-दोन दिवसांच्या फरकाने एकदमच बाहेर येतात. मग पाच आठवड्यांनी आकारात इतका फरक कसा? तर बहुतेक वेळा तो नर असतो. या जातीत मादी नरापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने मोठी असते आणि पिल्लांमध्येही पंधरा-वीस दिवसांत ते दिसायला लागतं. अंगाने हलका असल्यामुळे नराची पिसं लवकर तयार होतात आणि तो बहिणींच्या दोन-चार दिवस आधी उडतो. तुम्ही ज्याच्यासाठी हळहळताय तेच पिल्लू सगळ्यात आधी छज्जा सोडण्याची शक्यता जास्त आहे. एवढंच तपासा: त्याची शेपटी किती लांब झालीय आणि लव किती उरलीय. शेपटी इतरांइतकी किंवा जास्त लांब आणि लव कमी असेल तर तो नर आहे, निश्चिंत राहा.

आई-बाप लांब का राहतात? सुरुवातीला शिकारीची जवळजवळ सगळी जबाबदारी नरावर असते. मादी पिल्लांजवळ राहते आणि चिमटीएवढे तुकडे तोडून एकेकाच्या चोचीत देते. हे भरवणं दुर्बिणीतून नीट पाहिलं असेल तर विसरता येत नाही: ती मान तिरकी करते, तुकडा चोचीच्या अगदी टोकावर धरते आणि पिल्लाने तो उचलेपर्यंत हलत नाही. पडला तर स्वतः खाते किंवा परत उचलून देते. नंतर पिल्लांना ऊब लागेनाशी होते, भूक प्रचंड वाढते, तेव्हा तीही शिकारीला निघते. पाचव्या आठवड्यापर्यंत पिल्लं स्वतः फाडून खायला लागलेली असतात. शिकार घेऊन उतरणाऱ्या मोठ्या पक्ष्यावर ती अक्षरशः तुटून पडतात, म्हणून तो ती टाकतो आणि क्षणात निघतो. तुमची नजर पाच मिनिटं इकडेतिकडे गेली की भरवणं हुकलंच.

शिवाय "दिसत नाहीत" म्हणजे "नाहीत" असं नव्हे. आजूबाजूच्या इमारतींचे वरचे कोपरे, टॉवर, पाण्याच्या टाक्यांच्या कडा दुर्बिणीने एकेक करून चाळा. मादी बहुतेक वेळा छज्जा सरळ दिसेल अशाच जागी बसलेली सापडते. आणि शहरात हे पक्षी दिवसाउजेडीच शिकार करतात असंही नाही. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगभोवती दिव्यांच्या उजेडात, रात्रीचं स्थलांतर करणारे पक्षी पकडताना त्यांना पाहिलेलं आहे. इंग्लंडमध्ये डर्बीच्या कॅथेड्रलवर त्यांनी खाऊन टाकलेल्या अवशेषांत वुडकॉकसारखे रात्री उडणारे पक्षी सापडले आहेत. जादा शिकार ते एखाद्या खाचेत लपवून ठेवतात आणि नंतर काढून आणतात. तुम्ही ऑफिसात पोचायच्या आधीच पिल्लांचा नाश्ता उरकलेला असू शकतो.

म्हणून मोठ्या पक्ष्यांच्या फेऱ्या मोजण्यापेक्षा पिल्लाचा गळा बघा. गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला अन्नाची पिशवी असते. पोटभर खाल्लं की तिथे लिंबाएवढा फुगवटा स्पष्ट दिसतो आणि पुढच्या काही तासांत तो ओसरतो. दिवसातून एकदा जरी तो नीट फुगलेला दिसला तरी त्या पिल्लाचं ठीक चाललंय. ओरडण्यावरून काहीच ठरवू नका. या वयाची पिल्लं गळा भरलेला असतानाही ओरडतात. भर उन्हात चोच उघडी टाकून धापा टाकतात, तेही अंग थंड ठेवण्यासाठी. खरी चिंतेची लक्षणं वेगळी आहेत: दिवसभर गळा सपाट, शिकार येऊनही पिल्लू जागचं उठत नाही, पिसं साफ करत नाही, तुकडा घेतं पण गिळता येत नाही. शेवटचं लक्षण कबुतरांपासून येणाऱ्या ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीमुळे असू शकतं. त्याने तोंडात आणि घशात पिवळसर थर धरतो. असं दिसलं तर वाट न बघता वन्यजीवांवर उपचार करणाऱ्यांना कळवा. स्वतः काही करू नका.

शिकार दाखवून परत नेण्याचं कारण तर मला या सगळ्या हंगामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. उडण्याचा दिवस जवळ आला की आई-बाप अन्न छज्ज्यावर आणून टाकणं कमी करतात, पंजात शिकार लोंबकळत ठेवून समोरून जातात, पलीकडच्या कठड्यावर बसून पिल्लांच्या डोळ्यांसमोर खातात. भुकेने अस्वस्थ झालेलं पिल्लू कडेला येतं, वाऱ्याकडे तोंड करून पंख फडफडवतं. त्या वेळी त्याच्या पायांकडे बघा. बोटांनी छज्ज्याची कड गच्च धरलेली असते, कारण अंग वर उचललं जातंय हे त्याला कळलेलं असतं पण सोडायची तयारी झालेली नसते. मधूनच एखादं बोटभर उचललं जातं आणि घाबरून परत आत पळतं. या वेळी तुम्ही छतावर मांस ठेवलं तर आई-बापांनी जी ओढ तयार केलीय तीच मोडून टाकाल, वर पिल्लांना माणूस आणि अन्न यांचं नातं शिकवाल.

माणसाने मदत करूच नये असं माझं म्हणणं नाही. मॉन्ट्रियलच्या सन लाइफ बिल्डिंगवर १९३६ ते १९५२ या काळात एक जोडी राहत होती. ससाणे काड्यांचं घरटं बांधत नाहीत, खडीत नुसता खळगा करतात. दगडी छज्ज्यावर खडी कुठून येणार? अंडी वाया जायची. तिथे वाळू-खडीने भरलेले ट्रे ठेवल्यावर पिल्लं जगायला लागली. आज जगभरच्या इमारतींवर ज्या खडीच्या पेट्या दिसतात त्यांच्यामागे हीच साधी कल्पना आहे.

त्याहून मोठी मदत डीडीटीच्या संकटात झाली. या कीटकनाशकाचे अंश शिकारीतून मादीच्या शरीरात साठायचे, अंड्याचं कवच पातळ व्हायचं आणि उबवताना अंडं फुटायचं. कवच पातळ झाल्याचं ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये दाखवून दिलं. तोवर अमेरिकेच्या पूर्व भागात वीण करणारी एकही जोडी उरली नव्हती. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. १९७० मध्ये पक्षीतज्ज्ञ टॉम केड यांनी सुरू केलेल्या पेरेग्रिन फंड या संस्थेने (पेरेग्रिन म्हणजे बहिरी ससाणाच) बंदिस्त जागेत वाढवलेली पिल्लं टॉवरांवर, इमारतींवर नेऊन सोडायला घेतली, आणि १९९९ मध्ये हा पक्षी तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. या कामातली एक गोष्ट तुम्ही मुद्दाम लक्षात घ्या: त्या पिल्लांना माणसंच खायला देत होती, पण नळीतून, स्वतः दिसणार नाही अशी काळजी घेऊन. ज्यांना भरवणं भागच होतं त्यांनीसुद्धा स्वतःला लपवलं.

आणि घाईने निष्कर्ष काढू नये याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या घंटाघरावरचं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲनी नावाची मादी आठवडाभर दिसली नाही. वर्षानुवर्षं तिच्यावर नजर ठेवणाऱ्यांनीही आशा सोडली होती, आणि ती परत आली. महिन्याभराने तिचा जोडीदार ग्रिनेल मेला. अंडी घरट्यात होती, आता काय होणार म्हणून सगळे हवालदिल. काही तासांतच दुसरा नर आला, ज्याला पुढे ऑल्डन नाव मिळालं, आणि स्वतःची नसलेली ती अंडी तो उबवायला बसला. त्यातून पिल्लंही बाहेर आली.

आता तुमच्या खऱ्या कामाकडे येते. पहिली झेप क्वचितच नीट जमते. काही पिल्लं समोरच्या काचेत दिसणाऱ्या आभाळावर जाऊन आदळतात, काही रस्त्यावर उतरतात. जमिनीवरून पुन्हा उंच उठण्याइतकी ताकद पंखांत नसते, त्यामुळे वाहनं आणि कुत्री हा मोठा धोका. पहिल्या वर्षात निम्म्याहून जास्त पिल्लं जगत नाहीत आणि शहरात त्यातली कितीतरी या पहिल्या काही दिवसांतच जातात. म्हणून त्या इमारतीच्या सुरक्षारक्षकांना आणि सफाई कामगारांना आजच सांगून ठेवा की असा तपकिरी पक्षी खाली दिसला तर हाकलू नका, मला फोन करा. छतावरची आणि काचांच्या सफाईची कामं दोन-तीन आठवडे पुढे ढकलता येतात का ते विचारा. जवळच्या वन्यजीव उपचार केंद्राचा नंबर आणि झाकण असलेलं, भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं तयार ठेवा.

पिल्लू खाली सापडलं तर मागून जाड टॉवेल टाका, पंख अंगाशी दाबून उचला, नख्यांपासून हात जपा, खोक्यात ठेवा आणि झाकण लावा. अंधारात ते शांत होतं. पाणी पाजू नका, खायला घालू नका, फोटोसाठी उघडू नका. मग केंद्राला फोन करा. जखम नसेल तर ते बहुतेक त्याच इमारतीच्या गच्चीवर सोडायला सांगतील. छज्ज्यावर परत ठेवायला कुणीही वाकू नये, कारण माणूस पाहून उरलेली दोन तयारी नसतानाच उड्या टाकतील. गच्चीवरचं पिल्लू आई-बाप आवाजावरून शोधतात आणि तिथेच अन्न आणून देतात.

ड्रोन अजिबात नको, तुमच्या कुणा मित्राने सुचवला तरी. मोठे पक्षी त्यावर सूर मारतात आणि पात्यांनी जखमी होतात. रस्त्यापलीकडून आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. मोठा पक्षी तुमच्याकडे तोंड करून कॅक-कॅक-कॅक असं न थांबता ओरडायला लागला तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरा.

तिन्ही उडाल्यावर बघणं थांबवू नका. पुढचा महिना-दीड महिना आई-बापच त्यांना पोसतात आणि शिकवतात. बाप उंचावर जाऊन मेलेलं कबूतर सोडतो आणि पिल्लाला ते हवेत पकडावं लागतं. सुरुवातीला ते हुकतं, मग बापच खाली सूर मारून ते पुन्हा उचलतो आणि परत वर जातो.

उद्या सकाळी उजाडल्यापासून तासभर बघून तिन्ही गळ्यांची नोंद करा आणि मला कळवा. त्या बारीक पिल्लाची शेपटी किती लांब आहे तेही सांगा, म्हणजे खाली लक्ष ठेवायला माणसं कधीपासून उभी करायची ते ठरवता येईल.