लहानपणी आसपासची लोकसंख्या झपाट्याने घटली किंवा वाढली, तर पुढच्या आयुष्यावर परिणाम होतो का? मुलं कमी झाली की प्रत्येकाकडे जास्त लक्ष जातं ना?

परिणाम होतो. पण ते 'जास्त लक्ष' वगैरे माझ्यापुरतं तरी साफ खोटं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. २००१ ते २०११ मध्ये आमचा जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला आणि ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. मी नेमकी त्याच वर्षांत शाळेत.

पहिलीत गेले तेव्हा वाडीतल्या शाळेचा पट २३. चौथीत आले तेव्हा आठ. दुसऱ्या गुरुजींची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. एका खोलीत चार इयत्ता, चौथीच्या रांगेत मी एकटी. गुरुजी फळ्याच्या कोपऱ्यात मला भागाकार घालून पहिलीची बाराखडी घ्यायला जायचे. तो तपासायची वेळ येईतो त्यांना टपाल घेऊन केंद्रशाळेत पळायचं असायचं. पट घटला तसा माणूसच काढून घेतला, लक्ष कुठून वाढणार? एसटीचं तेच. प्रवासी नाहीत म्हणून वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला थांबणारी, गाडी बंद, तिच्याबरोबर सकाळची पहिली फेरीही गेली. म्हणून अकरावीला चिपळूणला आत्याकडे राहिले. वर्गात ऐंशी मुलं. दोन वर्षांत एकदाही हात वर केला नाही, आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये आजही तोंड उघडत नाही.

माझा चुलतभाऊ ठाणे जिल्ह्यात, दिव्याला वाढला. वर्गात सत्तर, बाकावर तिघं, शाळा दोन पाळ्यांत. दर गणपतीत पडवीत बसून ऐकवतो, "तुझं बरं होतं, फुकटची घरगुती शिकवणी!" अरे, तुझ्या गल्लीत तीन क्लास होते, दाराशी स्टेशन होतं. गर्दीपाठोपाठ दुकानं येतात, रिक्षा येतात, शिकवण्या येतात. ओसरत्या गावातून असलेलंही उचलून नेतात.

आता एक मान्य करते. घरात मुलं कमी जन्मणं वेगळं आणि कमावती माणसं गाव सोडून जाणं वेगळं. आम्ही दोनच भावंडं, म्हणून मला शिकवलं. आईला सहा भावंडं, तिची शाळा चौथीत सुटली. राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १९९२-९३ मध्ये २.९ होता, २०१९-२१ मध्ये १.७ झाला, ते चांगलंच. शिवाय दुसरीत असतानाच चौथीच्या कविता मला ऐकून पाठ होत्या, हेही खरं.

पण 'शांत शाळा' म्हणून मुलांना गावी धाडणार असाल तर आधी पट विचारा, शिक्षक किती विचारा, शेवटची एसटी कितीला ते विचारा. चुलतभाऊ मे महिन्यात म्हणत होता, पोराला आपल्याच शाळेत घालतो. तिला कुलूप आहे. तो हे बोलत होता तेव्हा तिच्या पटांगणात आमसुलं वाळत घातली होती.