जिवंत प्राण्यांचं ‘संग्रहालय’ कसं?

प्रश्न कोल्हापूरच्याच एका वाचकाचा आहे. मुलाला घेऊन ते न्यू पॅलेस बघायला गेले होते. आत संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आणि बाहेर आवारात जिवंत हरणं. पोरानं विचारलं, “आतलं ते संग्रहालय. मग जिवंत प्राणी असतात त्यालापण प्राणिसंग्रहालय का म्हणायचं?” वडिलांनी त्याला आणखी दोन शंका जोडल्या आहेत. शब्दातला ‘णि’ ऱ्हस्व का? आणि हल्लीचे ‘प्राणी उद्यान’, ‘सफारी’ हे शब्द त्याहून बरे नाहीत का?

ऱ्हस्व-दीर्घाचं आधी उरकतो. मूळ शब्द ‘प्राणिन्’. एकटा आला की मराठीत ‘प्राणी’, समासात पहिलं पद झाला की ‘प्राणि’. मंत्रिमंडळ, पक्षिमित्र, विद्यार्थिगृह यांच्यासारखंच. पाट्यांवर काहीही दिसलं तरी लिहिताना प्राणिसंग्रहालयच लिहावं.

खरी मजा ‘संग्रहा’त आहे. इंग्रजी ‘झू’ हा ‘झूऑलॉजिकल गार्डन’चा आखूड केलेला शब्द. म्हणजे इंग्रजांनी बाग म्हटलं आणि आपण संग्रहालय केलं. भाषांतर म्हणून हे चुकलंच. पण वस्तू म्हणून बघितलं तर माझ्या मते आपला शब्द जास्त प्रामाणिक निघाला. लंडनची ती बाग १८२८ साली उघडली ती झूऑलॉजिकल सोसायटीच्या सभासदांसाठी, अभ्यासाला म्हणून. सर्वसामान्यांना प्रवेश मिळाला १८४७ मध्ये. त्या काळचा खाक्या असा, की जितक्या जातींचे प्राणी मिळतील तितके जमवायचे आणि गजाआड ओळीनं मांडायचे. कपाटात फुलपाखरं टाचावीत तसंच, फक्त ही श्वास घेणारी. याला संग्रह नाही तर काय म्हणायचं?

मुंबईकरांनी मात्र ‘बाग’ धरून ठेवली. भायखळ्याची मूळची व्हिक्टोरिया गार्डन्स ही वनस्पतींची बाग, प्राणी तिथं मागाहून आले. आज कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असलं तरी बोलताना राणीची बागच. (काही जण ‘राणीचा बाग’ म्हणतात. तेही चूक नाही, फारसीतून आलेला ‘बाग’ मराठीत दोन्ही लिंगांत नांदतो. आमच्या खासबागेत तर झाडं नाहीतच, तिथं कुस्त्या होतात.)

इंग्रज येण्याआधी आपल्याकडे यासाठी शब्द नव्हता असं कुणी समजू नये. होता, पण तो ‘खाना’ कुळातला. दरबाराच्या अठरा कारखान्यांत, म्हणजे खात्यांत, हत्तींचा पीलखाना, उंटांचा उष्टरखाना आणि रानटी जनावरांचा शिकारखानाही असे. पुण्यात सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. त्यातल्या गेंड्याचं गंगाराम तांबट यांनी १७९० मध्ये काढलेलं चित्र आजही बघायला मिळतं. कोल्हापूर दरबारानं तर शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. शहरात साठमारी अजून उभी आहे. पिसाळलेल्या हत्तीला माणसांनी डिवचायचं आणि दगडी बुरुजाआड निसटायचं, असा तो खेळ. या शब्दांत अभ्यासही नाही आणि कळवळाही नाही. जनावर दरबाराचं, ते दरबाराच्या खात्यात, इतका सरळ हिशेब.

दुसरा जुना शब्द मला फार आवडतो, ‘रमणा’. हरणं मोकळी सोडलेली राखीव जागा म्हणजे रमणा. (न्यू पॅलेसकडं जाताना रमणमळा लागला की मला हटकून हा शब्द आठवतो.) आज ज्याला आपण कौतुकानं ‘ओपन झू’ म्हणतो त्याच्या जवळ जाणारा घरचा शब्द हाच, पण तो आपण पार विसरलो.

आता ‘उद्यान’. व्याकरणानं नीट समास करायचा तर ‘प्राण्युद्यान’ होईल. ते कुणाच्या जिभेवर चढायचं नाही, म्हणून दोन शब्द सुटे लिहून वेळ मारून नेतात. बदललेल्या वस्तूला बदललेलं नाव हवं, हे म्हणणं मात्र मला पटतं. हॅम्बुर्गला कार्ल हागेनबेकनं १९०७ मध्ये गज काढून मध्ये खंदक ठेवले, तिथून पिंजरा मागं पडायला लागला. हा गृहस्थ स्वतः जनावरांचा बडा व्यापारी होता, हे विसरू नये. पुण्यातलं १९५३ चं पिंजऱ्यांचं पेशवे पार्क आठवून कात्रजच्या खंदकापलीकडचा वाघ बघा, फरक सांगावा लागत नाही. तरी कात्रजच्या नावात प्राणिसंग्रहालयच आहे. केंद्राचं १९९२ साली आलेलं प्राधिकरणही ‘केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण’च. गंमत म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे सर्कससुद्धा प्राणिसंग्रहालयातच मोडते. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत तिथं कसोटी एवढीच होती, की बंदिस्त प्राणी लोकांना दाखवायला ठेवलेत का.

‘सफारी’ परका वाटतो, पण तो आपल्या ‘सफर’चा सख्खा भाऊ. अरबी ‘सफर’ फारसीवाटे आपल्याकडे आला आणि स्वाहिलीत जाऊन ‘सफारी’ झाला. आमच्या लहानपणी सफारी म्हणजे लग्नात मामालोक घालायचे तो एका कापडाचा शर्ट-पँट! खुशाल वापरा, पण जाळीच्या गाडीतून फिरायचं असेल तिथंच. आणि दाजीपूरला कृपा करून यातलं काहीच म्हणू नका. एके काळी ते छत्रपतींचं शिकारीचं रान होतं, १९५८ पासून अभयारण्य आहे. तिथला गवा कुणी दाखवायला ठेवलेला नाही. दिसला तर दिसला.

राहता राहिला पोराचा प्रश्न. त्याला सांगा, आतलं संग्रहालय आणि बाहेरचं काहीच नाही. आपण कोल्हापूरकर त्याला कुठं प्राणिसंग्रहालय म्हणतो? “चल, हरणं बघून येऊ” एवढंच म्हणतो.